चाळीचं शेवटचं दिवाळी-कार्ड: चित्रकला न येणाऱ्या काकूंनी बेतलेलं कोलाज

पार्श्वभूमी

गिरगावातली एक चाळ. तळमजला धरून तीन मजले, दर मजल्यावर १४ खोल्या, एकूण ४२ बिऱ्हाडं. २०२५ची दिवाळी या इमारतीतली शेवटची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या झाल्या होत्या आणि नवीन वर्षात खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. कोणी डोंबिवलीला भाड्याची जागा बघून ठेवली होती, कोणी विरारला, तर कोणी मुलाकडे पुण्याला जाणार होतं. २ ऑक्टोबरला दसऱ्याचं सोनं देता-घेता कमिटीत विषय निघाला, की यंदा प्रत्येक घराला एक छापील दिवाळी-कार्ड द्यायचं आणि त्यावर आपली चाळ हवी. वसुबारस १७ तारखेला होती. म्हणजे हातात पंधरा दिवस.

"मी करते," असं म्हणणाऱ्या काकूंचं नाव इथे देत नाही. चाळीत त्यांना सगळे काकूच म्हणतात. वय ६४. पस्तीस वर्षं घरी शिवणकाम केलं, ब्लाउज, परकर-पोलकी, गोधड्या. चित्रकलेचा गंध नाही, साधी चिमणीही काढता येत नाही असं त्या स्वतः सांगतात. पण वर्षभर मोबाइलवर नातवंडांचे फोटो कापून, एकमेकांवर ठेवून वाढदिवसाची चित्रं करत होत्या आणि त्यात त्यांचा जीव रमत होता. मी याच चाळीत वाढले, डीटीपीचं काम करते. त्यामुळे फाइल छापण्याजोगी करायची जबाबदारी माझ्याकडे आली. चित्र काकूंचंच असणार, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं. हे टिपण मी लिहितेय, कारण "चित्र काढता येत नाही" म्हणून मागे राहणारी पुष्कळ माणसं मला रोज भेटतात, आणि ती नेमकी कुठे अडतात हे या प्रकरणात मला जवळून दिसलं.

अडचण काय होती

काकूंनी पहिलं चित्र दोन दिवसांत केलं. नेटवरून पणत्या घेतल्या, कंदील घेतला, कमळातली लक्ष्मी, फुलबाज्या, सोनेरी अक्षरं, आणि मागे चाळीचा एक फोटो. एकेक तुकडा सुंदर होता. पण सगळं एकत्र पाहिल्यावर काकूंनीच मोबाइल खाली ठेवला. म्हणाल्या, "अगं, हे आपलं नाही वाटत. हे नाक्यावरच्या बॅनरसारखं झालंय."

त्यांना काय खटकलं ते त्यांना शब्दांत सांगता येईना, म्हणून आम्ही चित्र मोठं करून एकेक तुकडा बघत बसलो. पणतीची सावली उजवीकडे पडत होती, कंदिलाची डावीकडे. लक्ष्मीचं चित्र रंगवलेलं, फुलबाजी फोटोतली, कमळ संगणकावर केलेलं. चाळ भर दुपारच्या उन्हात आणि तिच्यापुढे रात्रीचे दिवे. शिवाय कापलेल्या प्रत्येक तुकड्याभोवती पांढरी बारीक कड राहिली होती, शिवण उसवावी तशी. एकही तुकडा दुसऱ्याच्या ओळखीचा नव्हता.

आणखी दोन गोष्टी निघाल्या. कंदिलाच्या चित्रावर नीट पाहिलं तर पुसट अक्षरांचा शिक्का होता, म्हणजे ते कोणा छायाचित्रकाराचं विकाऊ काम होतं. नेटवर दिसतं ते फुकट असतं असा समज सर्रास आहे. घरच्या माणसांना पाठवलेल्या शुभेच्छेत कोणी विचारत नाही, पण छापून वाटायचं तर तो माणूस कोण, त्याची परवानगी आहे का, हे बघायलाच हवं. दुसरी गोष्ट जास्त तातडीची होती. मोबाइलच्या ॲपने चित्राचा आकार आपोआप १०८० बाय १०८० पिक्सेल घेतला होता. पडद्यावर तो भरपूर दिसतो. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे हे चित्र जेमतेम ९ सेंटिमीटरचं छापता आलं असतं. आम्हाला हवं होतं ए-५ कार्ड, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. दोन संध्याकाळची मेहनत त्या आकड्यापाशी थांबली. आकार आधी विचारायला हवा होता, आणि तो मी विचारायला हवा होता.

कोणते पर्याय होते

कमिटीतल्या एका मुलाने ॲपमधली तयार नक्षी सुचवली. नाव बदला, फोटो टाका, झालं. वेळ वाचला असता, पण त्याच नक्षीची कार्डं त्या आठवड्यात चार ठिकाणांहून येणार हे उघड होतं. डिझायनरला काम देण्याइतका निधी कमिटीकडे नव्हता.

एआयला सांगून चित्र काढून घ्यायचा पर्याय आम्ही खरंच करून पाहिला. गिरगावातली जुनी चाळ, लाकडी कठडे, दिवाळीची रात्र, असं सविस्तर लिहिलं. चार चित्रं आली. दिसायला देखणी होती. एकीत चाळीची हवेली झाली होती, दुसरीत कंदील गोल चिनी घाटाचे, आणि "शुभ दीपावली"तल्या वेलांट्या भलत्याच जागी. लिहून-लिहून ती सुधारलीही असती. काकूंचा आक्षेप वेगळा होता. "यातला एक तरी दरवाजा कोणाच्या घरचा आहे का?" त्यांनी विचारलं. जिथे शेवटची आठवण ठेवायची आहे तिथे बनवलेली चाळ नको, यावर माझंही मत तेच झालं. दुसऱ्या एखाद्या कामात मी हा पर्याय नाकारला नसता. इथे नाकारला.

राहिला चौथा पर्याय, तो म्हणजे कोलाजच करायचं, पण नेटवरचं काहीही न घेता. जे काही असेल ते चाळीतलं. हे ठरलं ८ ऑक्टोबरला, नऊ दिवस उरले असताना.

मी काकूंना मेरी डेलनींची गोष्ट सांगितली ती याच संध्याकाळी. अठराव्या शतकातल्या या इंग्रज बाईंनी वयाच्या सत्तरीनंतर रंगीत कागद कापून, काळ्या कागदावर चिकटवून फुलं करायला घेतली आणि जवळजवळ हजार केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काकूंनी फक्त एक विचारलं, "आधी काय करायच्या त्या?" भरतकाम आणि कात्रीकाम, मी म्हटलं. "मग बरोबर," म्हणाल्या.

काय केलं

दुसऱ्या दिवशी काकू मोबाइलला शिवल्याच नाहीत. पिशवी घेऊन दार-दार फिरल्या. संध्याकाळी त्यांच्या खोलीतल्या चादरीवर जमलं ते असं: माळ्यावरच्या जुन्या कंदिलाच्या उरलेल्या झिरमिळ्या, घोटीव कागदाचे तुकडे, चकलीच्या सोऱ्याची पितळी चकती, करंजीचं कातणं, एका आजींच्या इरकलीचा काठ, पिवळ्या पडलेल्या भाडेपावत्यांचा गठ्ठा, दोन लग्नपत्रिका, उटण्याची पुडी, आणि नवीकोरी केरसुणी.

आता त्या बेतायला बसल्या. शिवणकामात कापड कापण्याआधी बेतावं लागतं. पाठ कुठे, बाही कुठे, काठ कुठे येईल, कमीत कमी कापडात सगळं कसं बसेल, हे कात्री लावण्याआधी ठरतं. काकूंनी चादरीवर तेच केलं. पावत्या आडव्या मांडून भिंत केली. इरकलीचा काठ दोन ठिकाणी दुमडून मजल्यांच्या रेघा केल्या. सोऱ्याची चकती वर ठेवली, तर मधल्या चांदणीच्या भोकातून मागचा लाल घोटीव कागद दिसायला लागला. कंदील तयार! मी बाजूला बसून बघत होते. त्या एकेक वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायच्या, मान तिरकी करून बघायच्या, परत उचलायच्या. दीड तास. चित्रकला येत नाही म्हणणारी ही बाई रचना, तोल आणि रंगाचा मेळ पस्तीस वर्षं रोज करत आली होती, फक्त त्याला कोणी चित्रकला म्हटलं नव्हतं. माझ्या मते कोलाजमध्ये कौशल्य असतं ते हेच. रेघ काढता येणं तिथे लागतच नाही.

केरसुणीचा निर्णय मला सगळ्यात आवडला. आधी लक्ष्मीचं चित्र घ्यायचं होतं. राजा रविवर्म्यांची लक्ष्मी कायद्याच्या दृष्टीने मोकळी आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, आणि रविवर्मा १९०६ साली गेले. त्यांचा छापखानाही १८९४ साली मुंबईतच सुरू झाला होता, म्हणून ते चित्र आपल्या गावचं वाटतंही. पण काकू म्हणाल्या, "कार्ड दोन महिन्यांनी कुठे जातं? रद्दीत. देवीला रद्दीत कशी घालू?" मग त्यांनी केरसुणी उचलली. लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो, लक्ष्मी म्हणूनच. तिची शिंदीची पाती त्यांनी पंख्यासारखी पसरली आणि चकतीच्या कंदिलामागे ठेवली. पात्यांचे किरण झाले. ज्याला कळेल त्याला लक्ष्मी दिसेल, न कळेल त्याला उजेड.

मग फोटो. यात मी एकच नियम लावला, आणि अर्धी लढाई त्यानेच जिंकली. सगळ्या वस्तूंचे फोटो एकाच जागी, एकाच वेळी काढायचे. गॅलरीत सकाळी आठ ते नऊ ऊन थेट येत नाही, नुसता उजेड डावीकडून येतो. खाली पांढरा ड्रॉइंग पेपर, मोबाइल वस्तूच्या बरोबर वर आणि समांतर, फ्लॅश बंद. दोन सकाळी गेल्या. पण त्यामुळे प्रत्येक वस्तूची सावली आपसूक एका बाजूला पडली आणि पहिल्या चित्रातला मुख्य दोष मुळातच उरला नाही. कठड्याचा फोटो मात्र समोरच्या इमारतीच्या जिन्यावरून घेतला. एकच खांबुली नीट कापून घेतली आणि तिच्या प्रती ओळीत लावल्या.

जुळणी माझ्या संगणकावर, गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. पान १५४ बाय २१६ मिलिमीटरचं घेतलं, म्हणजे ३०० पिक्सेलच्या हिशेबाने १८१९ बाय २५५१. चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्त का, असं कोणालाही समजावताना मला वेळ लागतो. काकूंना लागला नाही: "मार्जिन सोडलंस. कापणारा इकडेतिकडे झाला तर पांढरं दिसायला नको." प्रत्येक वस्तू वेगळ्या लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरावर, प्रत्येकाला नाव: भिंत, काठ, कठडा, केरसुणी. मूळ लेयर कधीही लहान करायचा नाही, आधी त्याची प्रत काढायची आणि ती लहान करायची, कारण एकदा लहान केल्यावर गेलेले तपशील मोठं करून परत येत नाहीत. पांढऱ्या कडा काढायला तुकड्याची निवड दोन पिक्सेल आत घेतली आणि कड किंचित मऊ केली. शेवटी प्रत्येक तुकड्याखाली एकाच दिशेची फिकट सावली. रंग तीनच ठेवले आणि तिन्ही वस्तूंमधूनच उचलले: पावत्यांचा पिवळट, इरकलीचा जांभळा, घोटीव कागदाचा लाल.

अक्षरांनी त्रास दिला. काकूंना वर्तमानपत्रातली सुटी अक्षरं कापून लावायची हौस होती. इंग्रजीत ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते, आणि "दी"ची वेलांटी शेजारच्या अक्षराच्या अंगावर जाते. तीन वेळा लावून पाहिलं, तिन्ही वेळा शब्द विस्कटलेला. मग अख्खे शब्द घ्यायचं ठरलं. "शुभ" एका लग्नपत्रिकेत मिळालं, "दीपावली" जुन्या फराळाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर. दोन्हींची घडण वेगळी. त्यांना खालून नव्हे, वरून, शिरोरेषेला शिरोरेषा लावून जुळवलं आणि ते एका वाक्यातले शब्द वाटायला लागले. आतला मजकूर छापाच्या अक्षरात हवा होता, तिथे मी 'मुक्त' नावाचा फॉन्ट वापरला. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला, मोफत आणि छपाईसाठीही मोकळा.

तीन ठिकाणी थांबून विचार करावा लागला

भाडेपावत्यांवर नावं, खोली क्रमांक, रकमा होत्या. भिंत म्हणून त्या फार सुंदर दिसत होत्या, जुनी शाई, मालकाचा शिक्का. पण ४२ घरांत वाटायच्या कार्डावर कोणाचं भाडं किती होतं ते वाचता येणं बरं नव्हे. पुसट केल्या तर भिंत मेली. मग आम्ही पावत्या उलट्या करून, पाठीमागून फोटो घेतले. पाठीवर शाई उमटलेली, अक्षरं उलटी, वाचता न येणारी, आणि रंग तोच.

दुसरा प्रसंग नाजूक. चाळीतल्या मुलांनी ऐंशीच्या दशकात कामट्यांचा मोठा कंदील केला होता, त्याचा एका बिऱ्हाडाकडे फोटो आहे. सात जण. त्यातल्या एका काकांचं तीन वर्षांपूर्वी निधन झालं आणि त्यांच्या पत्नी दुसऱ्या मजल्यावर राहतात. मी म्हटलं, घेऊ, त्यांना आनंदच होईल. काकू म्हणाल्या, विचारल्याशिवाय नाही. आम्ही गेलो. त्यांनी बराच वेळ फोटो हातात धरला. मग म्हणाल्या, "मधोमध नका ठेवू त्यांना. ते कायम कडेला असायचे, खळीचा डबा घेऊन. तिथेच ठेवा." तसंच केलं. चौघांची संमती मिळाली. दोघांशी संपर्क होईना, त्यांच्या आकृत्या ठेवल्या पण आत चेहऱ्याऐवजी लाल घोटीव कागद भरला. हा फोटो आधी व्हॉट्सॲपवर आला होता आणि फारच लहान झालेला होता. मूळ फोटो घरी नेऊन पुन्हा टिपला. ज्यांना दुरून मागवायचा असेल त्यांनी तो डॉक्युमेंट म्हणून मागवावा, आकार टिकतो.

तिसरा प्रसंग छापखान्यात. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, कागदावरचा चार शायांचा. घोटीव कागदाचा झगझगीत लाल नमुना-प्रतीत विटकरी आला. काकूंचा चेहरा पडला. लाल आणखी गडद करून बघितला, चिखल झाला. शेवटी लालला हात न लावता भोवतालचा पिवळट आणि जांभळा थोडे खाली आणले. शेजारी मंद झाले तसा लाल उठला. एक प्रत आधी काढली नसती तर ५० प्रती विटकरी आल्या असत्या.

निष्पत्ती

१६ तारखेला दुपारी ५० कार्डं हातात आली. वसुबारशीच्या संध्याकाळी काकू आणि मी घरोघर गेलो. लोक कार्ड उघडण्याआधी उलटसुलट करून वस्तू शोधत होते. "हा माझा काठ!" आजी म्हणाल्या. एका मुलाने केरसुणी ओळखली आणि आईला हाका मारत आत पळाला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कार्ड देवघराशेजारी ठेवलं.

आणि एक तक्रार आली, रास्त होती. दर मजल्यावर पाच खोल्या मागच्या बाजूला आहेत, एकूण पंधरा घरं. कार्डावर चाळीचा दर्शनी भागच होता. मागच्या बिऱ्हाडातले एक गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, "यात आम्ही कुठे राहतो?" काकूंकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

आता केलं तर

आकार आणि कागद पहिल्या संध्याकाळी ठरवेन. पहिल्या चित्रात गेलेले दिवस वाचले असते तर नमुना-प्रत दोनदा काढता आली असती. वस्तू गोळा करायला काकूंबरोबर मागच्या बाजूचं कोणीतरी न्यायला हवं होतं, कारण त्या ज्या दारांवर गेल्या ती बहुतेक त्यांच्याच गॅलरीतली होती. चूक चित्रात दिसली, पण घडली होती पिशवी घेऊन निघताना. संमती घेतली ती तोंडी होती. दोन ओळी लिहून घेतल्या असत्या तर पुढे कोणी फाइल दुसरीकडे वापरायची म्हटली असती तेव्हा वाद झाला नसता. लेयरची मूळ फाइल मात्र जपून ठेवली होती, आणि तिचा उपयोग लगेच झाला.

भाऊबीज झाल्यावर काकू मागच्या बाजूला गेल्या. लोखंडी गोल जिना, पाण्याची टाकी, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, सगळ्याचे फोटो सकाळच्या उजेडात घेतले. त्या गृहस्थांनी स्वतः शिडी धरली. त्यांच्या आईच्या नऊवारीचा काठ मिळाला, हिरवा. तो मजल्याच्या रेघेत घालताना तीन रंगांचा नियम मोडला, पण बेतताना काकूंनी तो असा वळवला की जांभळ्याच्या शेजारी तो बसून गेला. कार्डाची ही दुसरी बाजू ५ नोव्हेंबरला, त्रिपुरी पौर्णिमेला छापून आली आणि आधी त्या पंधरा घरांत गेली.